मंदाताईंची चूक

मंदाताई साठ्यांनी माझी मुलाखत अंधारात घेतली. नोव्हेना भागातल्या त्या प्रयोगशाळेत मी बायोडेटाच्या तीन प्रती घेऊन पोचले, तर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात धावायचे बूट घातलेल्या या बाई मला हाताला धरून थेट सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घेऊन गेल्या. "आधी हे बघ. बायोडेटा कुठे पळून जातोय?" पडद्यावर एक पेशी होती. तिच्यात लाल रंगवलेला जिवाणू शिरला होता आणि त्याच्याभोवती एक हिरवी कड हळूहळू वर्तुळ पुरं करत होती. वर्तुळ मिटलं तशी मंदाताईंनी टाळी वाजवली. हजारदा पाहिलेल्या गोष्टीला टाळी वाजवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

पेशी आपलाच मोडका, निकामी माल पिशवीत बांधून पचवते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. घुसखोर जिवाणूंवरही ती हीच युक्ती चालवते. मंदाताईंचं आयुष्य या युक्तीमागे गेलं होतं आणि भेटेल त्याला त्या ती समजावून सांगत. पुंगोलच्या आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हा पोळीच्या तुकड्यात बटाट्याची फोड गुंडाळून माझ्या पाच वर्षांच्या ईराला म्हणाल्या, "ही पिशवी, हा जिवाणू. पिशवी पाचक रसाच्या पिशवीला जाऊन मिळाली, की संपला!"

ईराने घास तोंडात टाकला आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "सो द सेल जस्ट ईट हिम, लाह!"

मंदाताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

घाईने निष्कर्ष काढणाऱ्याला त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दिसलं असेल तर सांग. नुसतं वाटलं असेल तर चहा पिऊन ये." पहिल्या वर्षी मी पुष्कळ चहा प्यायले.

दुसऱ्या वर्षी मला दिसलं. पिशवीत बांधला गेलेला जिवाणू मेलाच, हे मंदाताईंचं कित्येक वर्षांचं म्हणणं. त्यांचा नवा शोधनिबंध त्यावरच उभा होता. मी अशा जिवाणूंचं सलग चित्रण करत होते. काही पेशींत हिरवी पिशवी मिटली, पण पाचक रसाच्या पिशवीला मिळालीच नाही. आत एकाचे दोन झाले, दोनाचे चार. आठवडाभर मी प्रयोग पुन्हा पुन्हा केला. दरवेळी तेच.

माझा करार दोन महिन्यांत संपणार होता. नवा करार मंदाताईंच्या सहीवर, आणि या परक्या देशात राहायचा माझा पास त्या करारावर. नवरा अमोल म्हणाला, "सही होऊ दे, मग सांग." मलाही पटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मंदाताई निबंध धाडायला बसल्या आणि मला गप्प राहवेना.

"ताई, नका पाठवू. आत चार आहेत. जिवंत."

त्यांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. चेहरा उतरला, तो मी पाहिला. "म्हणजे माझं चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. "अगं, पण हा लबाड पिशवीला तिकडे पोचूच कसा देत नाही? करतो तरी काय?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा फळा प्रश्नांनी भरला होता. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "कधी दिसलं तुला?"

"आठवडा झाला."

"आठवडा? आणि मला आज सांगतेस?" त्या रागावल्या त्या एवढ्याचसाठी.

साप्ताहिक बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "मी इतकी वर्षं अर्धवट सांगत होते. मुग्धाने ते पकडलं. आता ती बोलेल." आणि वही उघडून पहिल्या रांगेत बसल्या. शनिवारी त्यांनी सगळ्यांना ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला नेलं. आमचा दंगा ऐकून शेजारच्या टेबलावरच्या चिनी काकांनी विचारलं, वाढदिवस कुणाचा?

"माय मिस्टेक, अंकल!" उसाच्या रसाचा ग्लास उंचावत मंदाताई म्हणाल्या. "व्हेरी गुड वन!"

सोमवारी माझ्या टेबलावर नवा करार होता. सहीखालची तारीख पाहिली. मी बोलले त्याच्या चार दिवस आधीची होती.

काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन पुण्याला निघाल्या. विमानतळावर माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. मंदाताईंनी मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाल्या, "रडतेस काय? माझ्या अजून दोन-तीन गोष्टी तरी चुकीच्या असणार. मी आहे तोवर शोध, म्हणजे मलाही कळतील."