माझ्या कर्जमुक्तीची खरी हकिकत

निर्मलाबाई सोनकांबळे. हिमायतनगरच्या दवाखान्यातल्या नर्स. मी त्यांना अक्का म्हणायचो. माझ्यावर सगळ्यात जास्त देणं कुणाचं असेल तर ते त्यांचं. आणि आता जे सांगतोय ते मी बायकोला सांगितलेलं नाही, विहारातल्या माणसांना नाही, कुणालाच नाही. तुम्हालाच का? – माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखणारे मला फार चांगला माणूस समजतात.

लातुरात माझा लौकिक आहे तो कर्जातून बाहेर पडलेला माणूस म्हणून. नवीन नोकरीला लागलेली पोरं माझ्याकडं सल्ला मागायला येत. विहारात रविवारच्या बैठकीत मी या विषयावर बोललेलो आहे, एकदा नाही, कैकदा. बिनदुधाचा चहा. पायी ऑफिस. पगार हातात आला की बायकोनं वेगवेगळ्या डब्यांत घातलेले किराण्याचे, रॉकेलचे, शाळेचे पैसे. कचेरीतून रद्दीत निघालेल्या पडद्यांच्या पोरांना चड्ड्या – हे सांगितलं की माणसं हसत आणि मग गंभीर होत. मला ते गंभीर होणं आवडायचं. किती आवडायचं, ते आता आठवलं तरी किळस येते.

काटकसर खोटी नव्हती. विमलनं, माझ्या बायकोनं, खरोखरच ओल्या बाळंतपणातसुद्धा दुधाचा रतीब लावू दिला नाही. पण त्या काटकसरीतून फिटलं काय? किराणा दुकानाची उधारी आणि कापडवाल्याची बाकी. मोठं कर्ज, ज्याच्यातून मी सुटलो म्हणून लोक मला मान देतात, ते मी फेडलेलंच नाही.

थोडं मागं जावं लागेल. आमचं गाव चाकूरजवळ. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी कॉलेजात होतो. आई-बाप दोघंही सरकारी कामावर खडी फोडत होते आणि मी नांदेडला वर्गात बसून होतो. आमच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. खानावळीचं देणं, परीक्षेची फी, पुढं बापाचं आजारपण, मग माझं लग्न – दहा जणांकडून दहा तऱ्हेनं उचललेलं. पदवी मिळाली तेव्हा वस्तीनं हार घातला, आणि हार घालणाऱ्यांत दोघं-तिघं असे होते ज्यांचे पैसे माझ्याकडं होते.

नोकरी लागली ती हिमायतनगरच्या दवाखान्यात, कारकुनाची. खोली नव्हती, भांडी नव्हती. पहिले कितीतरी महिने मी अक्कांच्या घरी जेवलो. त्यांचा नवरा वारलेला, घरात एक मुलगी, मंगल. अक्कांचं तोंड फटकळ होतं. बाहेर पेशंटची रांग लागलेली असली तरी ओरडायच्या, "ए ग्रॅज्युएट, भाकर खाऊन घे आधी! डिग्री चावता येत न्हाई." आणि येईल त्याला सांगायच्या, हा आमचा पोरगा हाय, बी.ए. हाय. त्यांना माझा अभिमान होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढं गहाण टाकलं ते हेच.

घेणेकरी दवाखान्यापर्यंत यायला लागले तेव्हा अक्कांनीच वाट दाखवली. नोकरदारांच्या पतसंस्थेतून एकच कर्ज काढायचं, सगळ्यांची तोंडं एकदम बंद करायची, आणि महिन्याचा एक हप्ता पगारातून कापून जाऊ द्यायचा. शहाणपणाचा सल्ला होता. मीही पुढं तोच सल्ला पोरांना दिला, स्वतःचा म्हणून. जामीनदार दोन लागत. एक होते म्हातारे कंपाउंडर, ते लवकरच निवृत्त होऊन गेले. दुसऱ्या अक्का. सही करताना म्हणाल्या, "करते बाबा. पर माझं नाक कापलंस ना, तर त्याला टाके बी मलाच घालावं लागतील." आम्ही सगळे हसलो.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. आपल्या मुलखात जायला मिळतंय म्हणून मी अर्ज केला आणि बदली झाली. बदली होताना शेवटच्या पगाराचा दाखला द्यावा लागतो. पगार किती, कपाती कोणत्या, ते सगळं त्यात लिहून नव्या कचेरीला कळवायचं. त्या दवाखान्यात असे दाखले कोण तयार करायचं? मीच. माझाही मीच केला. पतसंस्थेच्या हप्त्याची ओळ मी लिहिली नाही. डॉक्टरसाहेबांनी माझ्यावरच्या भरवशावर न वाचता सही केली.

विसरलो होतो का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला तसंच सांगितलं. जायची घाई होती, विमल पोटुशी होती... नाही. विसरलो नव्हतो. टाइप करताना तिथं आलो, थांबलो, आणि पुढच्या ओळीवर गेलो. मनात म्हटलं, एखाद-दोन महिने सवड मिळेल, मग भरू. चोरसुद्धा स्वतःला यापेक्षा बरं कारण देत असेल.

नव्या जिल्ह्यात सगळाच गोंधळ. भाड्याच्या खोल्या, पोत्यांत भरलेल्या फायली, एका खुर्चीवर आळीपाळीनं दोघं. कोण कुणाची कपात तपासणार? पहिला पूर्ण पगार हातात आला तेव्हा मी विमलला म्हणालो, "सुटलो." तिनं विचारलं, "एवढ्या लवकर फिटलं?" मी म्हणालो, काटकसर केली की फिटतं. ती रडली. तिला वाटलं, तिनं न प्यायलेल्या दुधानं ते फिटलं.

दोनेक महिन्यांनी हिमायतनगरच्या नव्या कारकुनाचं कार्ड आलं – तुमचा हप्ता आता अक्कांच्या पगारातून कापून राहिलेत, बघा जरा. मी बघितलं नाही. का नाही? कारण मला पक्कं ठाऊक होतं की अक्का तक्रार करणार नाहीत. तक्रार केली तर दाखला निघेल, दाखला निघाला की खोटेपणा निघेल, आणि वस्तीतल्या पहिल्या बी.ए.ची नोकरी जाईल. ते अक्कांच्या हातून व्हायचं नाही. मी हे ओळखून होतो. शिकलेल्या माणसाची अक्कल ती एवढ्यासाठी वापरली.

तो हप्ता तिकडं दर महिन्याला कापला जात राहिला, आणि इकडं माझं नाव होत गेलं.

पुन्हा पावसानं ओढ दिली त्या वर्षीची गोष्ट. कचेरीतला माठ शिपाई राखून बसायचा, बाहेरच्या माणसाला अर्धाच पेला. भर उन्हात अक्का दारात उभ्या राहिल्या. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. अर्धा पेला पाणी पिऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या की मंगलचा डी.एड.ला नंबर लागला आहे. वसतिगृहाचे, खानावळीचे पैसे याच महिन्यात भरायचेत, नाही तर जागा जाते. "मागचं ऱ्हाऊ दे. फकस्त हितून पुढं तुझा हप्ता तू भर. तेवढ्यात पोरीचं भागतंय." बस, एवढंच. कपात झाल्यावर हातात काय उरायचं, तेही त्यांनी सांगितलं नाही.

पलीकडून हेडक्लार्कनं विचारलं, "कोन? गावाकडची का? उसनं मागाय आली आसल."

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. तुम्ही असता तर म्हणाला असतात ना? – मी खुर्चीत मागं रेललो, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं. दर खेपेला दुसऱ्याच्या दारात यायचं बरं नाही."

"ऐका बाई, ऐका," हेडक्लार्क म्हणाला. "हे आमचे काटकसरीचे मास्तर हाईत. ह्येंच्याकडून उसनं न्हाई मिळायचं, अक्कल मिळंल."

खोली हसली. मीही हसलो.

एवढ्यावर तरी थांबावं. पण मी खिशातून दहाच्या दोन नोटा काढल्या आणि टेबलावर त्यांच्याकडं सरकवल्या. सगळ्यांना दिसेल अशा.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. एकदा हेडक्लार्ककडं पाहिलं. मग त्या नोटा उचलल्या, कपाळाला लावल्या, आणि म्हणाल्या, "बरोबर हाय साहेब तुमचं."

साहेब. त्यांनी मला पहिल्यांदाच साहेब म्हटलं. आणि त्या नोटा का उचलल्या, हे मला तिथल्या तिथं कळलं. त्या टेबलावर पडून राहिल्या असत्या तर माणसांनी प्रश्न विचारले असते. मला वाचवायचं म्हणून, माझ्याच कर्जाचे हप्ते भरणारी ती बाई भिकारीण झाली. हे कळूनही मी उठलो नाही. दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. त्या गेल्यावर हेडक्लार्कनं माझ्या चांगुलपणावर सगळ्यांना चहा पाजला, आणि मी तो प्यालो.

मंगलची जागा गेली. ते मला कळलं लग्नाच्या पत्रिकेवरून – शाळेत मास्तरीण व्हायच्या वयात तिचं लग्न. पत्रिका अक्कांनी स्वतःच्या हातानं पत्ता लिहून पाठवली होती. आत चिठ्ठी नाही, टोमणा नाही. तोवर हप्ते संपत आलेले होते.

पुढं माझ्याकडं पैसा आला. बढती झाली, घर झालं. त्या रकमेचं ओझं वाटावं अशी माझी परिस्थिती राहिली नाही. तरीही दिली नाही. दिली असती तर ती होती हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग माझी रविवारची व्याख्यानं कुठं गेली असती? अक्का आता नाहीत. मंगलचं सासर माझ्या गावच्या वाटेवर आहे, एसटी तिथं थांबते. मी उतरलेलो नाही.

पत्रिकेला मी उत्तर पाठवलं होतं. त्याची नक्कल माझ्याकडं नाही, लागतही नाही. दोनदा खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, विमलला वाचून दाखवलं होतं. ते असं –

"आदरणीय अक्का,

सविनय जयभीम. चि. मंगलच्या विवाहाची पत्रिका मिळाली. अतिशय आनंद झाला. कार्यालयीन कामाच्या व्यापामुळं समक्ष येणं शक्य होत नाही, तरी राग नसावा. अकरा रुपयांची मनिऑर्डर वेगळी पाठवत आहे, तिचा स्वीकार व्हावा.

लहान भाऊ या नात्यानं एक सांगावंसं वाटतं. लग्नात उधळपट्टी करू नये, आणि कर्ज तर मुळीच काढू नये. आपल्या समाजानं हे शिकलं पाहिजे. मी स्वतः केवळ काटकसरीच्या बळावर कर्जमुक्त झालो, हे आपण जाणताच.

आपला नम्र,
ग्रॅज्युएट"