दादांसाठी आखलेला पट्टा

आमच्या जिंतुरात सायकलींसाठी वेगळा रस्ता पहिल्यांदा मी काढला, आणि त्यावरून आजवर एकही सायकल गेलेली नाही.

झालं असं, की ही गेल्यापासून घरात मी एकटा. पोरं नोकरीपायी पुण्याकडं. घर इतकं शांत, की फडताळातलं भांडं पडलं तरी मी "कोण आलं?" म्हणत दाराशी जायचो! (एकदा तर भांड्याला "या, बसा" म्हणालो.) दिवसात खरं माणूस यायचं ते एकच. माझे थोरले भाऊ, दादा. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाहून पांढरा फेटा बांधून सायकलवर यायचे. कोपऱ्यावर घंटी वाजली, की मी चहाचं आधण ठेवायचो. दोन कपांचं.

मग स्टँडचा रस्ता खोदला आणि जिल्ह्यातली झाडून सगळी चाकं आमच्या गल्लीत घुसली. कापसाचे ट्रक, टेम्पो, जीपा, फटफट्या! गल्ली हातरुमालाएवढी अन् वेग विमानाचा. आमच्या कोंबड्या रस्ता ओलांडायच्या आधी पिलांचा निरोप घ्यायच्या! अशातच एका टेम्पोनं हूल दिली आणि दादा सायकलसकट नालीत. लागलं नाही फारसं, पण उठताना म्हणाले, "भास्क्या, आता माझं येनं व्हायचं न्हाई रे."

आणि खरंच आले नाहीत. मी सवयीनं दोन कप ठेवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो.

तेवढ्यात मला ज्ञानप्राप्ती झाली. शेंगदाण्याच्या पुडीवर! पुडीच्या कागदात छापलं होतं, की परदेशात रस्त्याच्या कडेला सायकलींना पट्टा आखून देतात. उरलेला रस्ता अरुंद दिसतो, मग गाडीवाले आपोआप दमानं घेतात. (पुढचा मजकूर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शेंगदाण्यांबरोबर गेला होता. सगळा घोटाळा तिथंच.)

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, शाळेच्या मैदानावर आखायला वापरतात तसली पांढरी फक्की भरली, आणि माझ्या ओट्यापासून दादांच्या दारापर्यंत रेघ ओढत गेलो. दार बंदच होतं. कडीला चिठ्ठी अडकवली, "दादा, रेघेच्या आतून बिनघोर या." परत आलो तर शेजारच्या गोदामावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"भास्करराव, कोन यायलंय?"

"कोनी न्हाई, मावशी. सायकलींसाठी हाय."

"सांगायचं नसंल तर नका सांगू! सायकलीसाठी कुनी फक्की मारतंय व्हय?"

त्यांचंही चुकलं नाही. आमच्या तालुक्यात रस्त्यावर फक्की पडते ती फक्त मंत्री यायचे असले म्हणजे. तासाभरात गल्लीत सडे पडले. रांगोळ्या निघाल्या, त्याही बरोबर माझ्या पट्ट्यात! कुणी केळीचे खुंट बांधले. शाळेनं लेझीम पाठवलं. ठाण्यातून जमादार धापा टाकत आले, "वरून मला खबर कशी न्हाई?" म्हणून स्वतःवरच डाफरले आणि दंडुक्यानं सगळ्यांना रेघेच्या आत उभं केलं. म्हणजे सायकलींच्या जागेत अख्खं गाव!

वाहतूक मात्र शांत झाली, हे कबूल करायला हवं. ठारच झाली. ज्या टेम्पोनं दादांना पाडलं, त्याच्या डायव्हरनं "कोन यायलंय?" म्हणून विचारलं, इंजिन बंद केलं आणि तोही रांगेत उभा राहिला.

मी दोनदा म्हणालो, "अवो, कोनी यायलं न्हाई." तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण माझ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी माणसं माझ्या दारात शेवटची आली होती ती हिच्या तेराव्याला. कुणी पाणी मागत होतं, कुणी "भास्करराव, लय छुपे रुस्तम निघालात!" म्हणून पाठ थोपटत होतं. मी आत वळलो आणि पातेलंभर चहा टाकला.

आणि कोपऱ्यावर घंटी वाजली.

लेझमाच्या गदारोळातही ती मला ऐकू आली. पांढरा फेटा, तीच सायकल. दादा आले होते! मी गाळणी टाकून धावलो, पण मध्ये गर्दी अशी, की हरभऱ्याचा दाणा टाकला तर खाली पडू नये. तिकडं जमादार ओरडले, "ए बाबा, सायकल मागं घे! मंत्री यायलेत!"

दादांनी एकदा माझ्या घराकडं बघितलं, सायकल वळवली, आणि गेले.

"दादा! ओ दादा!" मी बोंबलत होतो. लेझीमवाल्यांना वाटलं, मी जोर लावायला सांगतोय!

दिवस कलला तरी कुणी आलं नाही. माणसं माझा उद्धार करत पांगली. मंत्र्यांसाठी आणलेला हार गोदामावशींच्या शेळीनं खाल्ला. गल्ली पुन्हा रिकामी आणि पातेल्यात चहा तसाच. तो किटलीत ओतला आणि रांगोळ्यांतून तुडवत निघालो.

दादा बाजेवर एकटेच बसले होते. समोर कप. एकच.

"चिठ्ठी बघून आलो होतो रे. तुझ्याकडं मोठी मानसं यायलेत म्हनले. म्हनलं, आपलं काय काम तिथं."

"दादा, मंत्री-बिंत्री कोनी न्हाई. ती रेघ मीच ओढली, तुमच्यासाठी."

दादांनी कपाळाला हात लावला आणि इतके हसले, की फेटा सुटला. मग फेटा गुंडाळत म्हणाले, "मला आनायला अख्खा रस्ता आखलास लेका. तुला पाय न्हाईत व्हय?"

थोरल्यानं रोज यायचं आणि धाकट्यानं आधण ठेवून वाट बघायची, यात काही उलटं आहे हे मला दाखवायला एक टेम्पो, एक जमादार आणि एक लेझीम पथक लागलं!

तेव्हापासून रोज मीच जातो. फक्की पुसट झाली की डबा घेऊन नवी रेघ ओढतो आणि नेमानं पट्ट्यातूनच चालतो. गोदामावशी ओट्यावरून ओरडतात, "काय मंत्रीसाहेब, निघाला व्हय दौऱ्यावर?"

मी दोन्ही बाजूंच्या रिकाम्या ओट्यांना हात जोडत पुढं जातो.