पासपोर्टावरचा पत्ता

मालवणजवळ किनाऱ्याला लागून आमचं घर आहे. मागच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. नवरा गेल्यावर हे सगळं मी आणि धाकट्या दिराने मिळून चालवलं. फोन तो घ्यायचा, खोल्या तो द्यायचा, रांधायची मी. नऊ वर्षं मी जगभर फिरून आलेल्या लोकांना सुरमई तळून वाढली आणि त्यांच्या गप्पा ऐकल्या. कुणी बालीला जाऊन आलेलं असायचं, कुणी तुर्कस्तानला. मलाही एकदा कुठेतरी परक्या टेबलाशी पाहुणी म्हणून बसायचं होतं.

शाळेतल्या दोन मैत्रिणी अजून टिकून आहेत. एक कसालची निवृत्त शिक्षिका, दुसरी आरोग्यसेविका. तिघींनी व्हिएतनामला जायचं ठरवलं. महिना जूनचा निवडला, कारण तेव्हा समुद्रातले खेळ बंद असतात आणि आमच्या खोल्या रिकाम्या. म्हणजे सहलीची तारीखसुद्धा मी घरच्यांची सोय बघूनच काढली होती.

दीर हसला होता. "समुद्र बघूक समुद्रापलीकडे कित्याक जातास, वयनी?" मीही हसले. चाकांची बॅग आणली, लेसवाले बूट आणले आणि सकाळी वाळूत ते घालून चालायची सवय करू लागले.

तिघींनी पासपोर्टचे अर्ज एकाच दिवशी केले. त्या दोघींचे आले. माझ्या फोनवर मात्र निरोप आला, पोलिसांच्या पडताळणीत अडचण आहे. मी ठाण्यात गेले. हवालदाराने फाईल काढली, वाचली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही, असं घरच्यांनी सांगितलंय."

"घरच्यांपैकी कोणी?"

"तुमचे दीर होते ना. मी घरी आलो होतो."

तो दिवस मला आठवला. मे महिना होता, खोल्या भरलेल्या, मी मागे स्वयंपाकघरात मासे कापत होते. दीर आत येऊन म्हणाला होता, "वयनी, एक ग्लास सरबत दी. वळखीचो माणूस इलोसा." मी हात धुऊन कोकमाचं सरबत करून दिलं होतं. म्हणजे दीर पडवीत बसून मी इथे राहत नाही असं सांगत होता, आणि हवालदार माझ्या हातचं सरबत पीत होता.

"मला हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. तो म्हणाला, "घरचा पुरुष माणूस सांगतोय म्हटल्यावर..." आणि फाईल मिटून ठेवली.

घरी आले तेव्हा सहा पाहुणे जेवायला बसायच्या बेतात होते. दीर पानं मांडत होता.

"मी खंय रवतंय रे?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. आधी म्हणाला, हवालदाराचा गैरसमज झाला असेल. मग आवाज खाली घेऊन खरं बोलला. "सरकारी कागदार ह्या घराचो पत्तो इलो की उद्या तू वाटो मागशीत. माका लोकांनी सांगलेला."

नऊ वर्षांत वाटणीचा शब्द मी काढला नव्हता. माझ्या नवऱ्याचं घर, त्यात वाटा मागायचा असतो हेसुद्धा माझ्या डोक्यात नव्हतं. मी आत जाऊन गॅस बंद केला. कढई तशीच ठेवली आणि पाहुण्यांना सांगितलं की आज इथे जेवण मिळणार नाही, रस्त्यावर दोन खानावळी आहेत. दिराचं तोंड पांढरं पडलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून रहिवासाचा दाखला घेतला, दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन पुन्हा ठाण्यात अर्ज दिला. आणि तिथून तशीच तलाठ्याकडे गेले. नवऱ्याच्या जागी वारस म्हणून माझं नाव लावायचा अर्ज केला. ती वाट मला दिरानेच दाखवली होती.

पासपोर्ट आला, पण मैत्रिणी परत येऊन चार दिवस झाल्यावर. त्यांची तिकिटं आधीच काढलेली होती. कसालच्या मैत्रिणीने फोटो दाखवायला फोन काढला, मी म्हटलं, राहू दे.

मी दिवाळीनंतर गेले, ऐन हंगामात, एका सहल कंपनीबरोबर, अनोळखी माणसांत. खोल्या भरल्या होत्या. जेवणाचं काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बॅग भरत होते तेव्हा दिराची बायको, माझी जाऊ, आली आणि माझ्या साड्यांच्या घड्या घालू लागली.

"अक्का, माका म्हायत होता," ती म्हणाली. "त्या दिवशी मी दाराआडच होतंय. सांगूक धीर झालो नाय."

मी तिच्या हातातली साडी काढून घेतली आणि बॅगेत ठेवली. तिचा नवरा, तिचं घर, तिची भीती, सगळं मला समजत होतं. तरी तिला "असू दे" म्हणवलं नाही.

आठ दिवस मी फिरले. होड्या पाहिल्या, बाजार पाहिले, परक्या बाईने वाढलेली गरम भाताची वाटी बसून खाल्ली. परत आल्यावर चूल वेगळी केली. दीर बोलत नाही. जाऊ कधीतरी मासे आणून पायरीवर ठेवते. मी ते घेते, आणि दार लावते.