तांडेलांचं वाळवण

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तांडेल नुसतं बोटही ठेवत नसत. आधी खिशातून पेन ड्राइव्ह काढायचे, आपली एक फाइल त्या मशीनवर चढवायचे आणि मगच खुर्ची पुढे ओढायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "मना माजंच वल्हं लागतं." वडील करंजा बंदरात होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते, म्हणून ऑफिसात यांनाही तेच नाव पडलं. पनवेलच्या एसटी स्टँडमागे, दोन खोल्यांत, आम्ही बंदराकडच्या एजंटांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. त्या एजंटांचे सर्व्हर तांडेल सांभाळायचे.

त्या फाइलीत त्यांचा सगळा संसार होता. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर माणसाने हुकूम टाइप करायचे असतात, तेही लांबलचक आणि रुक्ष. तांडेलांनी प्रत्येकाला आपलं नाव दिलं होतं. काही शोधायचं तर 'जाळं', आपल्या फोल्डरला परतायचं तर 'बंदर'. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह येतं, तिथे 'बोल' उमटायचं. सकाळी लॉगिन केलं की पहिली ओळ यायची, 'तांडेल सांगतो, आधी चा पी.' हळूहळू ही फाइल आम्हा सगळ्यांच्या मशीनवर आली. मी तर तेव्हा नवी होते. मला खरे हुकूम शिकावेच लागले नाहीत.

फाइल पुसण्याचा हुकूम म्हणजे आरएम. तो मारला की फाइल कायमची गेली. तांडेलांनी तोही वळवला होता. त्यांच्याकडे पुसलेली फाइल 'वाळवण' नावाच्या फोल्डरात जाऊन पडायची. "येवढ्यात फेकायची नाय, बाय. वाळत घालायची," असं मला सांगायचे. त्यांची कामाची रीतही तशीच. नको वाटेल ते आधी काढून टाकायचं, प्रोग्राम चालतो का बघायचं, अडला तर तेवढं वाळवणातून उचलून आणायचं. पण बाकी सगळ्यांचं बारसं करणाऱ्या या माणसाने आरएमचं नाव मात्र आरएमच ठेवलं. बोटांना सवय हाय, म्हणाले. तिथेच घात झाला.

उरणच्या एका एजंटाची डिस्क भरली. तांडेल गेले, तर गेटवरच पेन ड्राइव्ह काढून घेतला. आत न्यायला बंदी. त्यांनी आमच्या साहेबांना फोन करून सांगितलं की आधी परवानगी काढा, मी उद्या येऊन करतो. साहेब आमच्यादेखत फोनवर म्हणाले, "तांडेल, नखरे नकोत. हातासरशी उरक आणि ये." ते बसले. सुरुवातीला जपून असतील, मग बोटं आपल्या वाटेने गेली. आरएम मारला, प्रोग्राम अडला आणि वाळवण उघडायला गेले, तर त्या मशीनला वाळवण नव्हतंच. कंटेनरच्या नोंदी गेल्या. एजंटाकडे दुसरी प्रत नव्हती, आणि ती ठेवा असं साहेबांनी त्याला कधी सांगितलंही नव्हतं. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःच्या मशीनवर शहाणा. बाहेर याचा उपयोग काय?" आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. तांडेल म्हणाले, "चूक माजी हाय," आणि डबा घेऊन निघाले. तुमचाच हुकूम होता, एवढं तरी त्यांनी सुनावायचं. त्या गप्प बसण्याचाही मला अजून राग येतो.

साहेबांनी त्यांची फाइल सगळ्या मशीनवरून काढायला लावली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो, साहेबसुद्धा. संध्याकाळी फाइल मुकाट्याने परत आली. तेवढी चहाची ओळ साहेबांनी पुसून घेतली.

बऱ्याच वर्षांनी तांडेल मला बाजारात दिसले. मेव्हण्याच्या मोबाइलच्या दुकानात बिलं करत होते. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "तुमची फाइल. जपून ठेवलीय मी."

त्यांनी तो दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. फाइलीच्या नावाकडे जरा वेळ बघितलं, मग शिफ्ट दाबून धरत डिलीट मारलं. असं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. रिकामा पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आता मशीन मिलंल तसं काम करतो, बाय. चा घेशील?"

चहा घेतला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, तेव्हा साहेब केबिनमध्ये 'जाळं' टाइप करून काहीतरी शोधत होते.