ताचिवाचा हात सुटला

अजोआ ताचिवा श्वास केव्हा घेते आणि केव्हा सोडते, हे कुमासी शहरात कोणी पाहिलेले नव्हते. निदान तिच्याबरोबर काम करणारे तसे म्हणत. बावीस वर्षे ती ब्रेंपोंग यांच्या प्रक्षेपण कंपनीत दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभी होती. पहिला कॅमेरा व्यासपीठासमोर असे. तिसरा उंच मचाणावर, सगळा मेळा एका नजरेत घेणारा. आणि दुसरा तो, ज्याच्या तोंडाला हातभर लांब भिंग, जो शंभर पावलांवरच्या माणसाच्या पापणीवरचा घाम दाखवतो. असा कॅमेरा जितके दूरचे जवळ आणतो तितका हळवा होतो. हाताचा केसभर कंप पडद्यावर भूकंप होऊन उमटतो. म्हणून त्याला बळकट माणूस लागत नाही, शांत माणूस लागतो.

तिची सुरुवात सुईपासून झाली होती. केजेटिया बाजारात तिच्या मावशीचे शिलाईयंत्र होते, आणि ताचिवा तिथे काजे-बटणे करीत बसे. एकदा ओपानिन ज्याम्फी नावाचे वृद्ध कॅमेरामन आपल्या कॅमेऱ्याला पावसाळी अंगरखा शिवून घ्यायला आले. भोवती केजेटियाचा गदारोळ: डोक्यांवर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, कर्ण्यांवर औषधे विकणारे आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात तारणाची वाट सांगणारे. त्या कल्लोळात ही मुलगी पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवते, मान वर करीत नाही, हे त्यांनी तीनदा पाहिले. जाताना ते मावशीला म्हणाले, "ही मुलगी मला द्या."

मावशी म्हणाली, "लग्नासाठी मागत असाल तर आधी आपलं वय बघा. कामासाठी मागत असाल तर तिलाच विचारा."

ज्याम्फींनी तिला भिंग शिकवले, उजेड शिकवला, सावली शिकवली. शुभ्र वस्त्रातला काळा चेहरा दाखवताना भिंगाची बाहुली आपल्या बोटांनी किती उघडायची ते शिकवले. कारण यंत्र आपल्या मनाने वागले तर ते वस्त्र पाहते, माणूस पाहत नाही. आणि एक नियम शिकवला. कॅमेऱ्याच्या माथ्यावर लाल दिवा असतो. प्रक्षेपणाच्या गाडीत बसलेला दिग्दर्शक ज्याचे चित्र निवडतो त्याचा दिवा पेटतो, आणि त्या घडीला ते चित्र जगभर जाते.

"दिवा पेटला की तू नाहीस," ज्याम्फी म्हणत. "मधमाशी चावली तरी नाहीस, घर जळाल्याचा निरोप आला तरी नाहीस. कानात हुकूम येईतो कॅमेरा हलवायचा नाही. हलवलास तर निमूट खाली उतरायचं आणि केबल गुंडाळायला लागायचं."

ज्याम्फी गेले, नियम राहिला, आणि पुढे तो ताचिवाचाच नियम म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या एका चुकीसाठी तिने दोघांना कॅमेऱ्यावरून उतरवले, आणि उतरवताना आवाज चढवला नाही. तिचा स्वतःचा कॅमेरा पेटल्या दिव्याखाली हुकुमावाचून एकदाही हलला नव्हता. तिच्या आयुष्यात दागिना म्हणावा असे तेवढे एकच होते.

बोन्सुआसेच्या नानांना, म्हणजे तिथल्या राजांना, राजासनावर बसून पंचवीस वर्षे झाली, त्या उत्सवाचे प्रक्षेपण ब्रेंपोंगांकडे आले. बोन्सुआसेचे अर्धे गाव गावात राहते आणि अर्धे हॅम्बर्ग, ॲमस्टरडॅम आणि ब्राँक्समध्ये. हे सारे त्या दूरच्या अर्ध्या गावासाठी. दिग्दर्शक नवा होता. फेलिक्स ओबिरी, राजधानी अक्रामध्ये वाढलेला, आठ वर्षे फुटबॉलचे सामने दाखवून आलेला. हुशार, चपळ, आणि बोलणारा.

"आंटी ताचिवा, माझा आवाज येतोय का?" सकाळी तिच्या हेडफोनमध्ये तो म्हणाला.

"येतोय. आणि तू घास चावतोयस तोही येतोय."

"केंके आहे, आंटी. पहाटेपासून पोटात काही नाही."

"मग आधी माइक बंद कर, मग खा. आणि केंकेबरोबरचा मासा तळलेला आहे की नाही तेवढं सांगून बंद कर."

त्या एका तारेवर सहा माणसे ऐकत असत. सहाही जण हसले.

दुपारी नाना पालखीतून आले. मोठी मखमली छत्री त्यांच्या मस्तकावर वरखाली डोलत होती, शिंगे फुंकली जात होती, वडीलधाऱ्यांनी खांद्यावरची वस्त्रे उतरवून आणि चपलांतून पाय काढून वंदन केले. मग फोंतोम्फ्रोमचे मोठे ढोल बोलू लागले. ते ढोल नानांना नावाने हाक मारतात, त्यांच्या पूर्वजांना नावाने हाक मारतात, आणि अशी हाक आली की राजा बसून राहत नाही. शहात्तर वर्षांचे नाना उठले आणि मैदानात नाचू लागले.

"दुसरा, मला पाय दे," फेलिक्स कानात म्हणाला. "जवळ. आणखी जवळ. त्या सोन्याच्या चपला भरून येऊ दे पडद्यात. आंटी, सगळा खेळ पायात असतो." आणि दिवा पेटला.

पडद्यात दोनच पावले राहिली. काळ्या चामड्याचे जाड पट्टे, त्यांवर सोन्याची मगर, सोन्याचा मासा. उजव्या चपलेचा पट्टा जिथे तळव्याला भेटतो तिथे ताचिवाची नजर थांबली. शिवणीचे दोन टाके गेले होते. तिसरा जात होता.

नानांचे उघडे पाऊल भूमीला लागू नये, हे बोन्सुआसेत रांगणारे मूलही जाणते. लागले तर भूमी रुसते, मेंढा द्यावा लागतो, वडीलधारी बंद दाराआड बसतात, आणि ज्यांना ते आसन हवे असते ते त्या दिवसाची आठवण जपून ठेवतात. आणि लागलेच, तर कोणी ते पाहिलेले नसते. जो म्हणेल मी पाहिले, त्याला विचारले जाते: तू तिकडे का पाहत होतास? इथे तर सगळे जग पाहत होते, आणि ताचिवाच्याच हाताने पाहत होते.

शिवणाऱ्या बाईला शिवणीचा हिशेब विचारावा लागत नाही. तिसरा टाका गेला की तो पट्टा चार पावले टिकतो, फार तर पाच. दिग्दर्शकाला सांगायचे, तर काय सांगायचे? सहा जणांच्या कानांत ती गोष्ट शब्दांनी उच्चारायची? एका खांद्यावर ज्याम्फींचा नियम होता, दुसऱ्यावर भूमीचा. दोन्ही तिला सारखेच पूज्य होते, आणि मध्ये दोन पावले उरली होती.

तिने हात वर नेला. पडद्यावर छत्रीची झालर आली, मग पांढरे आकाश, मग पुन्हा छत्री, सगळे पुसट, सगळे हेलकावत. माथ्यावर दिवा जळतच होता.

"दुसरा. दुसरा, काय करतेस? आंटी, पाय कुठे गेले?"

पाच सेकंदांनी दिवा विझला. फेलिक्सने मचाणावरचा कॅमेरा घेतला होता. तोवर छत्री खाली झुकली होती, सेवकांनी चहूबाजूंनी वस्त्रे पसरली होती, आणि ढोल असे वाजत होते की जणू रीतच तशी होती. वस्त्रांच्या आड काय झाले हे ताचिवाने पाहिले नाही. तिने तिकडे डोळा नेला नाही.

सामान आवरताना ब्रेंपोंग गाडीत आले. ते जड अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या फोनमध्ये हॅम्बर्गहून आलेले बोल साठले होते: नानांचा नाच पाहायला आम्ही पहाटेपासून बसलो, आणि तुम्ही आम्हाला छत्री दाखवलीत. छत्र्या इथे रोजच दिसतात.

"यंत्र बिघडलं असणार," ब्रेंपोंग म्हणाले. "ताचिवा असं करणार नाही."

"बघूनच टाकू की," फेलिक्स म्हणाला. "तिच्या कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग आहे. हळू करून एकेक चित्र बघू. यंत्र असेल तर आंटीवरचा डाग तरी पुसला जाईल." तो हे सद्भावनेने बोलत होता, आणि त्याचे बोट बटणावर पोहोचलेही होते. एकेक चित्र पाहिले असते तर तिसरा टाका दिसला असता.

"यंत्र नाही," ताचिवा म्हणाली. "माझा हात सुटला."

फेलिक्सचे बोट बटणावरच थांबले.

"तुझा हात? बावीस वर्षांत?" ब्रेंपोंगांनी विचारले.

"बावीस वर्षं धरलेलाच होता ना. दमला."

"दिवा दिसत नव्हता का?"

"दिसत होता."

फेलिक्स म्हणाला, "तरी एकदा बघूया, आंटी."

"मी चूक कबूल केली, ओबिरी. आता ती चार जणांना हळूहळू दाखवायची राहिली का? तुझ्या आईने भात करपवला तर तू पातेलं गल्लीभर फिरवतोस?"

त्याने बोट मागे घेतले. तिने रीतीप्रमाणे आपल्या कॅमेऱ्याचे कार्ड काढले, त्यावरचे सगळे रीतीप्रमाणे पुसले, हेडफोन खुंटीला लावले आणि बाहेर जाऊन केबल गुंडाळू लागली. नियम तिला कोणी सांगावा लागला नाही.

दुसरा कॅमेरा सेर्वा नावाच्या तरुण बाईकडे गेला. ताचिवा केबल पसरी, केबल उचली, गाठी सोडवी. गाडीचा चालक तिला विचारी, "आंटी, हाताला तेल लावून देऊ, की दोरीने बांधून ठेवू?"

"दोरी तुझ्या जिभेला ठेव," ती म्हणे. "ती रोज सुटते."

थट्टा तिला लागत नसे. लागे ती दया. तिने ज्यांना एके काळी उतरवले होते, त्यांतला एक जण येऊन म्हणाला, "होतं असं, ताचिवा. वय झालं की होतं." त्याला खरे सांगायला एकच वाक्य पुरले असते. ते वाक्य घेऊन ती घरी गेली, देवापुढे गुडघे टेकले, आणि त्या वाक्यासाठी जागा मागितली, जिथे ते सुखाने पडून राहील.

सहा आठवडे असे गेले, आणि एका सकाळी बोन्सुआसेचे ओच्यामे कचेरीत आले. नानांचा शब्द लोकांपर्यंत आणि लोकांचा शब्द नानांपर्यंत ज्यांच्या मुखातून जातो ते हे गृहस्थ. हातात सोन्याने मढवलेली काठी. त्यांना आसन दिले, पाणी दिले, आणि पाणी झाल्यावर ब्रेंपोंगांनी येण्याचे कारण विचारले.

"कारण वाईट नाही," ओच्यामे म्हणाले. मद्याची एक बाटली त्यांनी मेजावर ठेवली. "येत्या अक्वासिदेच्या सणाला, रविवारी, नाना दरबार भरवतील. प्रक्षेपण तुम्हीच करावं. नानांचं एकच मागणं आहे. ज्या बाईचा हात सुटला, ती हवी."

ब्रेंपोंगांना वाटले, हा टोमणा. "ओच्यामे, त्या दिवसाबद्दल आम्ही माफी मागितली आहे. आता आमच्याकडे फार स्थिर हाताची मुलगी आहे."

"असू दे. देव तिचं भलं करो. नानांना सुटणारा हात हवाय."

फेलिक्सला हसू आले, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरले.

"छप्पर गळू लागलं," ओच्यामे म्हणाले, "तर कोणी छपराकडे बोट दाखवतो. कोणी न बोलता खाली भांडं ठेवतो. पाहुण्याचे पाय कोरडे राहतात ते दुसऱ्यामुळे." फेलिक्स खिडकीबाहेर पाहत होता. मग त्याने एकदा आपल्याच पायांकडे पाहिले.

ताचिवाला बोलावून घेतले. तिने गुडघा वाकवून वंदन केले, ऐकून घेतले, आणि म्हणाली, "नानांना सांगा, माझं मस्तक त्यांच्या चरणी. पण मी कॅमेऱ्यावर परत चढणार नाही. पेटल्या दिव्याखाली हलवला तो उतरला, हे मीच लोकांना शिकवलं. उद्या जो हलवील तो माझं नाव पुढे करील."

"तुला मोह नाही?" ब्रेंपोंगांनी विचारले.

"आहे. रोज आहे."

ओच्यामेंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नानांनी तुझा नियम मोडायला सांगितलेला नाही, बाई. त्यांना तुझा डोळा हवाय. तो कुठे बसवायचा ते तूच सांग."

तिने दाराबाहेर, अंगणाकडे पाहिले. मग म्हणाली, "गाडीत. बटणं दाबणाऱ्याच्या शेजारी एक खुर्ची."

फेलिक्स उठला आणि आपल्या शेजारची खुर्ची कोणती, ती मोकळी आहे का, हे पाहायला तसाच अंगणातल्या गाडीकडे गेला.

अक्वासिदेच्या रविवारी ती त्या खुर्चीत बसली. समोर तीन पडदे. मधल्यात सेर्वाचे चित्र, जवळचे आणि निश्चल. ताचिवाने ते पाहिले, आणि आपला उजवा हात डाव्या हाताखाली ठेवला. नाना आसनावरून उठताना चाचपडले, तेव्हा ती हलकेच म्हणाली, "ढोल," आणि जगाने ढोल पाहिले. एक वृद्ध राणी वंदन करताना अडखळली, तेव्हा ती म्हणाली, "छत्री," आणि जगाने छत्री पाहिली. कोणतेच चित्र हलले नाही. दिवे आपापल्या वेळी पेटले, आपापल्या वेळी विझले.

"आंटी," फेलिक्स माइक बंद करून म्हणाला, "त्या दिवशी खरं तर..."

"डोळे पडद्यावर ठेव."

त्याने ठेवले. नानांच्या मागे एक सेवक हातातले वस्त्र उलगडू लागला होता, दुसऱ्याच्या हातात प्याला होता. राजा पिताना कोणाला दिसू नये, अशी रीत. ताचिवाने सांगण्यासाठी ओठ उघडले.

"तिसरा, तयार राहा," फेलिक्स म्हणाला, आणि प्याला वर जाण्याआधी त्याने मचाणावरचे चित्र घेतले: सगळा मेळा, सगळ्या छत्र्या, दूरवर पसरलेले लोक.

ताचिवाने ओठ मिटले.