भांगाच्या दिवशी उघडा पडलेला खडक

गुल्वेनकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका भांडणामुळे. पोर्-लानेकच्या शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. वर्गातल्या मुलांना घेऊन बंदराच्या धक्क्यावर गेले, तर एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस पॅरिसहून सुट्टीला आलेल्या एका हौशी चित्रकाराला फैलावर घेत होता.

"अहो, वारा पश्चिमेचा. आणि तुमच्या नांगरलेल्या होड्या वाऱ्याकडे पाठ करून, तोंडं पूर्वेला! रुसल्यात का काय त्या?"

"मी भाव रंगवतोय, महाशय."

"भाव घरी बसून रंगवा. इथं समुद्र आहे."

मुलं खो खो हसली. तेव्हा त्याने टोपी काढली आणि मला म्हणाला, "माफ करा, बाई. पण पोरांनी हे शिकलेलं बरं."

गुल्वेनचे वडील आणि दोन्ही भाऊ मासेमारी करत. गुल्वेनला मात्र समुद्र लागायचा. बंदराच्या तोंडाशी होडी पोचायच्या आतच तो पांढराफटक पडून काठावर ओणवा व्हायचा. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला जमिनीवर ठेवलं ते कायमचं. होड्यांच्या कारखान्यात तो बुडं खरवडायचा, रंगवायचा. पहाटे भाऊ निघून गेले की धक्क्यावर उभा राहून त्या होड्या दिसेनाशा होईपर्यंत बघायचा. भावांचा हेवा वाटायचा का, असं मी एकदा विचारलं. "हेवा? बाई, मी त्यांच्या ओल्या बुटांचासुद्धा हेवा केलाय," तो म्हणाला.

उरलेल्या रंगात तो रविवारी चित्रं काढायचा, मासळीच्या खोक्यांच्या झाकणांवर. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि त्या दिवसाचा भरतीचा आकडा लिहायचा. हा आकडा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतो. शंभराच्या वर म्हणजे उधाण, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. साठाच्या खाली म्हणजे भांग, पाणी जेमतेम हलतं. गुल्वेनचं चित्र बघून आमचे मासेमार आधी आकडा ओळखायचे, मग मागे उलटून बघायचे. कधी चुकला नाही. लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याच्या घरात त्याचं एक चित्र असायचंच, बहुतेक चुलीच्या वर, लोण्याच्या धुराने पिवळं पडलेलं.

तो स्वतः बिनलग्नाचा राहिला. म्हणून असेल किंवा कशाने असेल, पण त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नगरपालिकेतल्या लग्नाच्या खोलीची भिंत. गावातलं प्रत्येक लग्न त्या भिंतीपुढे लागतं, प्रत्येक फोटो तिच्यापुढे निघतो. तिथला जुना नकाशा ओलीने कुजला आणि नगराध्यक्षांनी जाहीर केलं की तिथे बंदराचं चित्र लावायचं, कुणाचं ते मासेमार ठरवतील. गुल्वेन तेव्हा पन्नास वर्षांचा होता. दुसरं कोण चित्र देणार, असंच सगळ्यांना वाटलं.

चित्र दिलं अझेनोरने.

अझेनोरने चाळीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात माशांची मुंडकी उडवली होती. निवृत्त झाल्यावर हात रिकामे ठेववेनात, म्हणून माझ्याकडे आली. शाळेत उरलेली एक रंगपेटी मी तिला दिली. दोन वर्षांत ती अशी काही रंगवायला लागली, की बेकरीवालीने तिचं भिंतीसाठीचं चित्र निवडीच्या आठवडाभर आधी आपल्या काचेत लावलं. मार्चच्या उधाणातली ओहोटी होती ती. पार लांबवर मागे हटलेलं पाणी, चकाकणारा चिखल, आणि मधोमध 'म्हातारी' हा खडक, वर्षातून चार-पाच दिवसच पाण्याबाहेर येणारा. त्याच्या शेवाळाचा हिरवा रंग पाहून मीही काचेपुढेच थांबले.

गुल्वेन त्या सकाळी पाव घ्यायला गेला. अकरा वाजता पुन्हा गेला. दुपारी तिसऱ्यांदा.

"पाहुणे आलेत वाटतं, गुल्वेन?" बेकरीवालीने विचारलं. "एकट्या माणसाला तीन पाव?"

"भूक लागते," तो काचेकडे बघत म्हणाला.

रांगेतल्या बायका खडकाचं कौतुक करत होत्या. एकीने तर डोळे पुसले. तिचा नवरा त्या खडकाजवळच बुडाला होता. गुल्वेन तिथून तडक माझ्या दारात आला.

"रंगपेटी तुम्हीच दिलीत ना तिला, बाई?"

"दिली. पोरांची होती."

"छान केलंत." तो म्हणाला, "तीस वर्षं मी होडीचा दोर न् दोर बघून काढतोय. आणि ही आली, एक दगड काढला, आणि बाया रडायला लागल्या."

"तुझ्या होड्या बघून पुरुष रडतात की."

"पुरुष चुका शोधतात," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याचं स्वतःचं चित्र तेव्हा जवळजवळ पूर्ण झालं होतं. मी पाहिलं होतं ते. भांगाचा दिवस, शांत पाणी, नांगरलेल्या अकरा होड्या, भावाची लाल होडी पुढे. त्याने काढलेल्यांत सगळ्यात सुंदर. पुढच्या पाच दिवसांत त्याने त्याचं काय केलं हे कुणालाच कळलं नाही. दार आतून लावलेलं असायचं.

निवडीच्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येक मासेमाराने आवडत्या चित्रापुढच्या बादलीत एक शिंपली टाकायची होती. सगळ्यात म्हातारा म्हणून तुदीकाका पुढे झाले. गुल्वेनच्या चित्रासमोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ही म्हातारी का रे?"

होड्यांच्या मागे, डाव्या हाताला, खडक उभा होता. हिरवा, ओला, अझेनोरच्या खडकाहून मोठा.

"म्हातारीच," गुल्वेन म्हणाला.

"ती कोरडी, आणि होड्या तरंगतायत?"

तुदीकाकांनी चित्र उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "अठ्ठावन्न!"

मग जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. आमच्या बंदरात म्हातारी उघडी पडते तेव्हा पाण्याचा थेंब उरत नाही, होड्या चिखलात कुशीवर झोपलेल्या असतात. अठ्ठावन्नच्या दिवशी तर ती दोन पुरुष खोल पाण्याखाली असते. हे गुल्वेनला ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आकडा तरी बदलायचास, लेका!" कुणीतरी ओरडलं.

"अरे, ही म्हातारी पोहायला शिकली!"

त्याचा थोरला भाऊ तेवढा हसला नाही. त्याने आपली शिंपली गुल्वेनच्या बादलीत टाकली. आणखी तीन जणांनी टाकल्या. बाकी सगळ्या अझेनोरच्या बादलीत पडल्या.

गुल्वेन चित्र काखेत मारून निघाला. अझेनोर त्याच्या मागे धावली. मी तिच्या मागे, कारण मला भीती वाटली की आता हा काहीतरी बोलून बसेल.

"गुल्वेन, थांब ना! तो खडक खरवडून टाक. खाली पाणी असेलच तुझं."

"तुला काय करायचंय? भिंत मिळाली ना तुला?"

"मिळाली. पण माझ्या चित्रात एक तरी होडी आहे का, बघितलंस?"

तो थांबला.

"मला येतच नाहीत," ती म्हणाली. "दोन वर्षं रोज काढतेय. बुटासारख्या दिसतात. तुझ्या होड्या बघून मी घरी जाऊन कागद फाडलेत, बाईंना विचार. म्हणून तर ओहोटी निवडली. जिथं होड्या नसतात ती जागा शोधून काढली मी."

हे खरं होतं. फाटलेले कागद मी पाहिले होते.

"मला शिकवशील?" तिने विचारलं.

गुल्वेनने काखेतलं चित्र खाली टेकवलं. मला वाटलं, आता हो म्हणेल. चेहरा सैल झाला होता त्याचा.

"खडक तुला येतो," तो म्हणाला. "होड्याही आल्या, तर माझ्याकडे काय उरणार?"

ते त्याने रागाने म्हटलं नाही. अझेनोरनेही मान डोलावली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होतं. त्या दिवसापासून दोघं रस्त्यात भेटले की एकमेकांना आदराने नमस्कार करत आणि एकमेकांच्या चित्रांबद्दल चकार शब्द काढत नसत.

खडक त्याने खरवडला. पण खालचं पाणी पुन्हा तसं जमलं नाही. तिथे किंचित जाड रंगाचा एक डाग राहिलाच, उजेड आडवा पडला की दिसतो. ते चित्र त्याने थोरल्या भावाला दिलं.

अझेनोर जाऊन आता नऊ वर्षं झाली, तिची ओहोटी मात्र त्या भिंतीवर अजून आहे. गुल्वेन एक्याऐंशीचा आहे. अजून रविवारी होड्या काढतो, मागे आकडा लिहितो. पुतण्यांची, त्यांच्या मुलींची लग्नं झाली, त्या प्रत्येक लग्नाला तो कोट घालून आला. पण नगरपालिकेत लग्न लागत असताना तो बाहेर पायरीवर उभा राहतो, आत जात नाही.