गिळलेला खोकला

माझी मुलगी पाच वर्षांची असताना दीड महिना खोकत होती, आणि मला चैन म्हणून नव्हतं. क्षयच असणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं. ऑफिसात फाइल उघडली तरी कान घराकडे. आम्ही तमिळ मुलखातले मराठी; घर राजवाड्यामागच्या गल्लीत, ऑफिस दोन स्टॉपवर. जेवणाच्या सुट्टीत टाउन बसने धावत यायचं, तिच्या छातीला कान लावायचा, पुन्हा धावत जायचं. जेवण राहायचं ते राहायचंच.

दोन डॉक्टर झाले. दोघांनीही विचारलं, कफ पडतो का? मी ठणकावून सांगितलं, थेंबभरही नाही, कोरडा खोकला आहे. मग खोकला दाबायचं सिरप मिळालं. तेही मी घड्याळ लावून पाजलं. डॉक्टरांसमोर ती ओठ घट्ट मिटून बसायची, आणि मला आपला अभिमान, पोर किती शहाणी!

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नवीनच केबल आली होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कार्टून चाललं होतं. मुलगी खदाखदा हसली आणि हसता हसता खोकला फुटला, ओला, घरघरणारा. बाई आतला पेशंट सोडून दारात आल्या. कोण खोकलं, असं तमिळमध्ये विचारून आम्हालाच आधी आत घेतलं. माझा तळवा धरून तिच्या पाठीवर ठेवला आणि तिला खोकायला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, खोकू?"

तळव्याखाली सगळं घरघरलं. बाईंनी विचारलं, मग कफ जातो कुठे? पोर म्हणाली, गिळते, आजोबांची पूजा असते ना.

खरं होतं. सासऱ्यांचं सोवळं कडक. नैवेद्याजवळ तोंड उघडून खोकायचं नाही, ओठ मिटून गिळून टाकायचं, हे मीच शिकवलं होतं. एवढी शिकलेली बाई मी! त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

एक्स-रे झाला, क्षयाची चाचणी झाली. क्षय नव्हता. श्वासनळ्यांत कफ साचून त्यात जंतू वाढले होते. बाईंनी दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक दिलं आणि बजावलं, खोकला थांबला तरी औषध थांबवायचं नाही. घरी सासऱ्यांना घाबरतच सांगितलं. ते म्हणाले, सोवळं माझं आहे, पोरीचं नव्हे.

दहाव्या दिवशी घर शांत झालं. सगळ्यांना हायसं वाटलं, मी मात्र तिला जवळ ओढून विचारलं.

"दाबतेस का गं?"

"नाही आई, येतच नाही."

तरी मी पाठीवर हात ठेवलाच. ती मोठा श्वास घेऊन गप्प उभी राहिली, मला पटेपर्यंत. आता ती नोकरीला दूर आहे. फोनवर बरी आहे म्हणते, आणि मी अजून तोच प्रश्न विचारते.